भेटीला या

"तू भारी धीट आहेस गं," लिफ्टचं दार मिटता मिटता डेजा म्हणाली. "इंटरव्ह्यूच्या दिवशी, तेही सकाळी सकाळी, असलं कोण विचारतं?"

जोसलिन हसली. आधी हसली आणि मग तिला तो शब्द ऐकू आला. दारात बोट चेमटतं ना, तेव्हा दुखायला लागण्याआधी एक रिकामा क्षण असतो. आपण नुसते त्या बोटाकडे बघत राहतो. तशी ती डेजाकडे बघत राहिली. डेजाच्या गळ्यात तिच्यासारखीच नावाची पट्टी, खांद्याला तिच्यासारखीच विद्यापीठाचं नाव छापलेली कापडी पिशवी. काल रात्री हॉटेलच्या एकाच खोलीत दोघी झोपल्या होत्या. जॉर्जियाहून आलेली ही मुलगी झोपेत दात खाते हेसुद्धा तिला कळलं होतं, आणि हे एवढंच कळलं नव्हतं.

"कसला इंटरव्ह्यू?"

"हा काय, हाच." डेजाने दोन्ही हात पसरून अख्खी लिफ्ट दाखवली. "पीएच.डी.साठी बारा जण आलोय आपण. पाच घेणार. तुला माहीत नव्हतं?"

"होतं की."

"थापा मारू नकोस. कान बघ कसे लाल झालेत."

"पण त्यांनी तर लिहिलं होतं, भेटीला या म्हणून!"

"मग काय, परीक्षेला या म्हणून लिहितील? अगं, माझी आई कॉलेजात शिकवते, तिने मला आधीच बजावलं होतं. बोलावणं दोन तऱ्हेचं असतं. एक तर त्यांनी तुला घेतलेलं असतं आणि आता ते तुझ्या मागे लागलेले असतात. नाहीतर घेतलेलं नसतं आणि तू त्यांच्या मागे लागायचं असतं. शब्द तोच. कुठल्या विभागाचा कुठला अर्थ, ते आपण विचारून घ्यायचं." लिफ्ट थांबली. डेजाने बाहेर पाऊल टाकलं, मग मागे वळून दार हाताने अडवलं. "झालं ते झालं. आणि ओठाला चीज लागलंय तुझ्या, तेवढं पूस."

पाचव्या मजल्यावरच्या त्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये भिंतीवर पेंढा भरलेला एक भलामोठा नदीचा मासा टांगला होता. त्याच्या खाली एक बाक होता. जोसलिन त्यावर बसली आणि ओठ पुसला, पुन्हा पुसला, आणि चीज केव्हाच निघून गेलं तरी पुसतच राहिली. म्हणजे ते चीज तेव्हाही होतं. इंगरसोल बाईंना तो प्रश्न विचारताना ते तिथे होतंच. खालच्या मजल्यावर नाश्त्याची टेबलं मांडली होती, चीज लावलेले गोल बेगल-पाव होते, कॉफीचे पिंप होते, आणि खिडकीतून पिट्सबर्गचे पूल एकामागे एक उभे असलेले दिसत होते. तीन नद्यांचं शहर म्हणून केवढी खूश होती ती! बाई समोर येऊन बसल्या. नदीतल्या शिंपल्यांवर अख्ख्या देशात त्यांच्याइतकं काम कोणाचं नाही, जोसलिनने त्यांचा एकेक लेख छापून, खुणा करून वाचलेला, आणि प्रत्यक्षात बाई म्हणजे साठीची, बुटकी, अंगात दोन स्वेटर आणि नाकावर घसरलेला चष्मा. त्यांनी विचारलं, "काय, कसं वाटतंय आमचं गाव?" आणि जोसलिनने, जोसलिन वोयटासने, टेबलावर कोपरं टेकून, बेगलचा घास गालात सारून म्हटलं होतं, "गाव झकास आहे. पण मला सांगा, मी इथेच का यावं? तुमच्याकडून किती विद्यार्थी डिग्री न घेता सोडून गेले?" टेबल गप्प झालं होतं. तिला वाटलं होतं, वा, प्रश्न बरोबर लागला. बाईंनी चष्मा वर सरकवला, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कोणीतरी त्यांना फोनवर बोलावलं म्हणून त्या उठून गेल्या. उठताना त्यांनी जोसलिनच्या गळ्यातलं नाव वाचलं होतं. नीट, वाकून वाचलं होतं. हे तिला आता आठवलं.

हे सगळं कोल्बीचं शिकवणं. मिलवॉकीच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत तिच्या शेजारच्या टेबलावर कोल्बी काम करायचा. रसायनशास्त्रवाला. मागच्या वर्षी त्यालाही अशीच बोलावणी आली होती आणि प्रत्येक ठिकाणी जाऊन, फुकटचं जेवून, तो वजन वाढवून परत आला होता. "ऐक जोसी," तो परीक्षानळ्या विसळता विसळता म्हणायचा, "बोलावलं ना, म्हणजे तू आत आलीस. आता ते दुकानदार, तू गिऱ्हाईक. घासाघीस कर. अवघड प्रश्न विचार. लाजशील तर तुला गरजू समजतील." त्याच्या विभागात ते खरंही होतं! कोल्बी खोटं बोलला नव्हता, म्हणून तर त्याच्यावर धड चिडताही येईना. आणि तिला तरी काय ठाऊक होतं? घरात कॉलेजची पायरी चढलेली तीच पहिली. भेटीला या, असं लिहून आलं, विमानाचं तिकीट धाडलं, हॉटेलची खोली दिली. जोसलिनने ती भेट रिबन लावून आलेल्या भेटीसारखीच घेतली. लहानपणापासून तिला अर्धा हात वर करायची सवय होती. म्हणजे वर्गात उत्तर येत असलं तरी कोपर बाकावरच ठेवून नुसतं बोट वर करायचं, बाईंना दिसलं तर दिसलं. गेल्या वर्षी केव्हातरी ती सवय सुटली. पाण्यात गुडघाभर उतरून शिंपले वेचताना, एकटीने नमुने मोजताना, भर बैठकीत "हा आकडा चुकलाय" असं म्हणताना तो हात हळूहळू पूर्ण वर जायला लागला होता, आणि तिला तो आवडायलाही लागला होता. स्वतःचाच हात! तर तो नेमका आजच, नको तिथे, छतापर्यंत गेला.

आणि डॅड. अरे देवा, डॅड! बोलावणं आलं त्या दिवशी डॅड गाडी दुरुस्त करत होते, गाडी म्हणजे महापालिकेची बर्फ ढकलायची गाडी, हिवाळाभर तीच त्यांची बायको. "डॅड, पिट्सबर्गहून बोलावलंय मला," ती ओरडली होती, आणि ते गाडीखालून सरपटत बाहेर येऊन म्हणाले होते, "म्हणजे घेतलं?" तेव्हा ती म्हणाली होती, "हो." त्या एका 'हो'चं पुढे काय काय झालं! शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण असतं, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मांस वर्ज्य पण मासे चालतात म्हणून, तर सगळा मोहल्ला तिथे लोटतो. बटाट्याच्या धिरड्यांचा वास, लांब टेबलं, वाडग्यांतून फिरणारं कोबीचं सॅलड. डॅड तिथे उभे राहिले. आईच्या अंत्यविधीलासुद्धा ज्यांच्या तोंडून दोन वाक्यं निघाली नव्हती ते स्टॅन वोयटास खुर्चीवर हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "माझी मुलगी डॉक्टर होणार. माणसांची नाही, शिंपल्यांची." हॉल हसला, मग टाळ्या झाल्या. शेजारच्या मिसेस प्रझिबिल्स्कीने तिचे गाल ओढले. पुढच्या आठवड्यात डॅडनी विद्यापीठाच्या नावाचा निळा स्वेटशर्ट मागवला, एक माप मोठा, आणि तेव्हापासून कामाच्या जाकिटाखाली रोज तोच. आज शुक्रवार. आज संध्याकाळी ते तोच घालून मासे खायला जाणार आणि सगळे विचारणार, काय रे स्टॅन, पोचली का पोरगी?

मग तिला पहिल्या मुलाखतीला आत बोलावलं गेलं, आणि आता ती मुलाखत आहे हे माहीत असलेली जोसलिन आत गेली. प्राध्यापक पेटिट तरुण होता, सायकलचं हेल्मेट टेबलावर, हसरा. तो म्हणाला, "बोल." आणि जोसलिन बंद झाली. शिंपला असाच बंद होतो. त्याला नुसतं बोट लागू द्या, तो आपला जिभेसारखा पांढरा पाय आत ओढून घेतो आणि दोन्ही शिंपा घट्ट. मग सुरी घाला नाहीतर काही करा. हात मांड्यांखाली दाबून ती "हो", "नाही", "मला शिकायला आवडेल" असली वाक्यं बोलत होती, गुळगुळीत, कोणाचीही असू शकतील अशी. पेटिटने तिच्या प्रयोगाबद्दल विचारलं तर तिने तो चार वाक्यांत संपवला. काही विचारायचंय का, असं त्याने शेवटी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "नाही, सगळं छान समजलं." त्याची नजर खिडकीबाहेर गेली, तिथे खाली नदीवरून एक कोळशाचा पडाव सरकत होता, आणि तो पडाव तिच्यापेक्षा कितीतरी मजेदार होता हे तिलाही पटलं. बाहेर पडताना तिच्या मनात आलं, हे बघ, हा अर्धा हात. इतक्या मेहनतीने गाडलेला, आणि एका शब्दाने उकरून वर काढला.

जेवायच्या सुट्टीत सगळे खाली सँडविच खायला गेले, इथे सँडविचच्या आतच बटाट्याच्या फोडी भरतात आणि त्याचं सगळ्यांना केवढं कौतुक. ती गेली नाही. जिन्यात बसून तिने फोन लावला.

"पोचलीस का गं? खातेयस ना नीट?" मागे गाड्यांची घरघर होती. डॅड गॅरेजमध्ये होते.

"डॅड, ऐका. मला घेतलं नाहीये."

दार लागल्याचा आवाज आला आणि घरघर बंद झाली. ते कुठल्यातरी गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसले असणार. "काढून टाकलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो. घेतलंच नव्हतं. नुसतं बोलावलं होतं. बघायला. बाराजणांना बोलावलंय आणि पाच घेणार. मला वाटलं बोलावलं म्हणजे घेतलं. माझी चूक झाली."

"म्हणजे टीमच्या निवडीला बोलावतात तसं?"

"तसंच."

"हात्तिच्या!" डॅड म्हणाले, आणि मोठ्याने श्वास सोडला. "मला वाटलं कोण मेलं की काय."

"डॅड, तुम्ही सगळ्या हॉलला सांगितलंत!"

"सांगितलं ना. आज पुन्हा सांगतो. उभा राहून."

"काही नको! गप्प बसा आजच्या दिवस."

"खोटं उभं राहून सांगितलं, आता खरं काय बसून सांगू?"

तिला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम, नाकातून. "आणि तो स्वेटशर्ट काढा आधी."

"तो नाही काढणार. बाहेर किती थंडी आहे ठाऊक आहे का?" मग जरा थांबून, "बरं, इतकी का घाबरलीस? काही बोलून बसलीस का?"

तिने सांगितलं. बेगल, कोपरं, प्रश्न, सगळं. चीजचंही सांगितलं. डॅड मध्येमध्ये हं, हं करत होते. सगळं झाल्यावर म्हणाले, "मग? काय म्हणाल्या बाई? किती जण गेले?"

"काहीच नाही. त्यांना फोन आला, त्या उठून गेल्या."

"म्हणजे उत्तर राहिलंच की!"

डॅडना त्यात काही खोल वगैरे म्हणायचं नव्हतं. गॅरेजमध्ये कोणी स्क्रू घट्ट करायचा विसरला तर ते ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात ते म्हणाले. पण फोन ठेवल्यावर जोसलिन जिन्यातच बसून राहिली आणि तिच्या डोळ्यांपुढे आला एक कप. पिवळा, कानाजवळ टवका उडालेला. नेलचा कप. मिलवॉकीच्या प्रयोगशाळेत नेल सगळ्यांत जुनी, डॉक्टरेट करत होती, आणि जोसलिनला शिंपला कसा धरायचा हे तिने शिकवलं होतं. "ओढू नकोस गं, दरोडा घालतेयस का? हातावर ठेव आणि गप्प बस. त्याला वाटलं की तो आपणहून उघडतो." तासन्‌तास त्या दोघी तशा बसायच्या, तळहातावर एकेक शिंपला घेऊन, देवळात प्रसाद घेऊन बसावं तशा. नेलनेच तिला ती गंमत दाखवली होती: काही शिंपल्यांची मादी आपल्या मांसाची झालर अशी हलवते की हुबेहूब छोटा मासा पोहतोय असं वाटतं, डोळासुद्धा असतो त्याला, काळा ठिपका. मोठा मासा भुलून तोंड घालायला येतो आणि ती त्याच्या तोंडात आपली पिल्लं उडवते. मग ती पिल्लं माशाच्या कल्ल्यांना चिकटून दूरच्या पाण्यात जातात. "म्हणजे फसवणूकच की," जोसलिन म्हणाली होती. "नाहीतर पिल्लं लांब जाणार कशी, तिला पाय आहे पण पोहता येतंय का?" नेल म्हणाली होती. आणि मग एका सोमवारी नेल आली नाही. मंगळवारीही नाही. तीन वर्षं काम करून ती सोडून गेली. कोणी काही बोललं नाही. तिच्या प्राध्यापकांनी तिच्या टेबलावर दुसऱ्याला बसवलं आणि बैठक पुढे चालू केली. फक्त तो पिवळा कप धुऊन पालथा घातलेला, सिंकपाशी, तसाच राहिला. जोसलिन रोज त्याच्या आजूबाजूने आपला कप ठेवायची. त्या कपाला कोणी हात लावायचं नाही आणि त्याच्याबद्दल विचारायचंही नाही, असं जणू ठरलंच होतं.

तर तो प्रश्न कोल्बीचा नव्हताच. कोल्बीने नुसतं विचार म्हणून सांगितलं होतं, काय विचार हे तिचं तिला सुचलं होतं. कोल्बी असता तर त्याने घरभाडं विचारलं असतं. ती उठली. पाय झिणझिणत होते, ते तिने आपटले, दोनदा, जिन्यात केवढातरी आवाज झाला. वरून डेजा वाकून बघत होती, हातात कागदात गुंडाळलेलं सँडविच.

"घोड्यासारखे पाय काय आपटतेयस? हे घे, खा. तुझ्यासाठी आणलंय. आणि आता त्या बाईंकडे जाऊन माफी माग हं. म्हण, सकाळी झोपेत होते."

"नाही मागणार."

"अगं, पाचच जागा आहेत!"

"मग त्यातली एक तुझी, म्हणजे माझ्यासाठी चार." जोसलिनने सँडविचचा मोठा घास तोडला. बटाटे गार झाले होते, पण भूक अशी लागली होती की गार बटाटेही गोड लागले. "डेजा, तुझ्या आईने आणखी काही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं की दुसऱ्या मुलींशी बोलू नकोस," डेजा म्हणाली आणि दोघी खिदळल्या.

इंगरसोल बाईंची मुलाखत सगळ्यांत शेवटी, संध्याकाळ व्हायला आली तेव्हा होती. खोलीभर शिंपा, खिडकीत शिंपा, पुस्तकं पडू नयेत म्हणून टेकू दिलेल्या शिंपा. जोसलिनने पिशवी खाली ठेवली आणि हात मांडीवर, उघडे, तळवे वर. बाईंनी प्रयोगाबद्दल विचारलं, आणि तिने सांगायला सुरुवात केली. मिलवॉकीच्या धरणाच्या वरच्या अंगाला ती मोठी झालर हलवणारी जात अजून आहे, पण ज्या माशाला ती भुलवते तो मासाच धरणामुळे वर येत नाही. मग ती कोणासाठी हलवते? ती हलवतच राहते. दोन उन्हाळे जोसलिनने ते पाण्यात पालथं पडून बघितलं होतं. "तुला काय वाटतं, तिला कळत नसेल?" बाईंनी विचारलं. "मला वाटतं आपण धरण फोडावं," जोसलिन म्हणाली, आणि बाई एकदम फस्सकन हसल्या, चष्मा निघून हातात आला. पुढे कितीतरी वेळ दोघी त्या एका धरणावर भांडत होत्या, बाई म्हणत होत्या मासे उचलून वर सोडता येतात, आणि जोसलिन म्हणत होती की पालखीत बसवून आणलेला मासा हा काही मासा नव्हे. कुठल्यातरी क्षणी ती विसरली की ही मुलाखत आहे, आणि नंतर पुन्हा तिला आठवलं. आठवलं तरी या खेपेला ती मिटली नाही.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. "बरं. तुला काही विचारायचंय?"

हाच तो. सगळ्यांना शेवटी हेच विचारतात. आणि याला बरीच बिनधोक उत्तरं आहेत हे आता जोसलिनला पक्कं ठाऊक होतं. डेजाने जिना चढता चढता तिला चार-पाच शिकवलीही होती. बाकीचे अकरा जण त्यांतलंच एखादं देणार होते. हॉलमध्ये आता धिरडी तळायला घेतली असतील. डॅड जाकीट काढून खुर्चीला अडकवत असतील आणि आत तो निळा स्वेटशर्ट, एक माप मोठा. ते उभे राहणार आहेत.

तिचा आवाज थोडा कापला. कापू दे.

"सकाळचं उत्तर राहिलंय," ती म्हणाली. "तेव्हा मला वाटत होतं की तुम्ही मला घेतलंय, म्हणून विचारलं. नाही घेतलेलं, हे मला आता माहितेय. तरी विचारते. तुमच्याकडून कोण कोण सोडून गेलं?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. कॉरिडॉरमध्ये कोणाच्या तरी बुटांचे आवाज आले आणि गेले. जोसलिन हलली नाही. ओढू नकोस. हातावर ठेव आणि गप्प बस. खिडकीखाली नदी राखाडी होती, कडेने बर्फाचे तुकडे सरकत होते, आणि ती त्या तुकड्यांकडे न बघता बाईंच्या तोंडाकडेच बघत राहिली.

मग इंगरसोल बाई उठल्या. त्यांनी दार लावलं. परत आल्या त्या टेबलामागच्या खुर्चीत न बसता तिच्या समोरच्या स्टुलावर बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"पहिला रॉबर्ट," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं होतं."

जोसलिनने खुर्ची पुढे ओढली.